दारापर्यंत आलेला वक्र

मानक नगर, लखनौ
५ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
कौमुदीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ करून ठेवून देता, म्हणून पत्र. काल शाळेत अकरावीला ‘असिम्प्टोट’ शिकवला. वक्र जिच्या जवळ जवळ जात राहतो पण पोचत नाही, ती रेषा. उदाहरण म्हणून तुम्हालाच उभं केलं! माझ्या लग्नानंतर आधी भोपाळपर्यंत आलात, मग कानपूर. गेल्या हिवाळ्यात तर इथल्या चारबाग स्टेशनजवळच्या लॉजवर उतरून रोज आमच्या दारी. चौकातली मक्खन मलाई आम्हाला खाऊ घातलीत आणि स्वतः पायरीवर बसून बाटलीतलं पाणी प्यायलात. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणे!

मुलं खूप हसली. मग आर्या नावाच्या मुलीने विचारलं, की म्हणजे नानाजी (तुम्हीच ते!) मॅमकडे कधीच जेवणार नाहीत का. मी ‘नंतर सांगते’ म्हणून फळा पुसायला घेतला.

हर्षवर्धन नमस्कार सांगतात. लोभ आहेच, तो दाराच्या आतही यावा.

कौमुदी

सांगली
१३ जानेवारी

चि. सौ. कौमुदीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उदाहरणाला शून्य मार्क! भोपाळहून मी सांगलीला परतलो, म्हणजे अंतर वाढलं. शिवाय ‘पोचत नाही’ ही व्याख्या कोणाची? पुढे पुढे जाताना अंतर शून्याकडे जावं, एवढीच अट. वाटेत वक्र त्या रेषेला खुशाल छेदू शकतो. जन्मभर घसा फोडून हेच शिकवलं, आणि घरचीच पोर कच्ची!

राहिली पायरी. तो नियम तुझ्या आईचा. मी त्याला हसायचो. ती गेल्यावर मात्र मोडायला मन धजत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

बाबा

लखनौ
२० जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चूक कबूल. फळ्यावर छेदणारा वक्र काढून दाखवला. आता तुमची चूक. आम्हाला मूल होणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग हा नियम संपायचा कधी? तुम्ही लॉजवर परतलात की तुमच्यासाठी केलेली भाजी मला गिळवत नसे. आईने तुम्हाला पायरीवर बसू दिलं असतं का?

वाटेत छेदता येतं, हे तुम्हीच लिहिलंत. रागावू नका, माया असू द्या.

कौमुदी

सांगली
२८ जानेवारी

चि. सौ. कौमुदीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईच्या फोटोपुढे मोठ्यांदा वाचलं. ती गप्प राहिली. म्हणजे रागावलेली नाही, रागावली की ती गप्प बसायची नाही. तुला पैकीच्या पैकी.

पुढच्या गुरुवारी निघतो. लॉज सांगितलेला नाही. वरणभात कर, लिंबू विसरू नकोस. आर्याला उत्तर देऊन टाक.

बाकी माया समोरासमोर.

बाबा

ता. क. पाण्याची बाटली प्रवासापुरतीच घेतोय. चारबागला रिकामी करीन.