एकतीस तुकड्यांचं कपाट

ती. मामा यांना,

वाकून नमस्कार. (वाकून हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. गेले बारा दिवस माझी कंबर सरळच होत नाही. कारण पुढे येईल.) तुमची तब्येत कशी आहे, उजव्या हाताची थरथर कमी आहे का, मामींचा गुडघा काय म्हणतो, हे सगळं विचारतो आहे आणि उत्तरं खरोखर हवी आहेत. मागच्या तीन पत्रांना तुम्ही "ठीक" एवढंच उत्तर पाठवलंत. शेवटच्या वेळी त्यातला "ठ"सुद्धा हललेला होता, म्हणून ते पत्र मी आईला दाखवलं नाही. (दाखवायला हवं होतं का, यावर डायरीत दीड पान खर्ची पडलं आहे. निर्णय झालेला नाही.)

आमच्याकडे माणसं खुशाल आहेत. आई महिनाभर ताईकडे गेली आहे, शनिवारी येईल. कपाट मात्र खुशाल नाही. आईच्या लग्नात तुम्ही करून दिलेलं, एकही खिळा नसलेलं सागवानी कपाट सध्या बाहेरच्या खोलीत एकतीस तुकड्यांत पडलेलं आहे, आणि ते तुकडे मी केले आहेत. एका दमात लिहून टाकलं, कारण तुम्ही पत्रं उभ्याने वाचता हे मला ठाऊक आहे. आता बसा.

झालं ते असं. दीड वर्षापूर्वी तुम्ही "हात ऐकत नाही, उगाच लाकडाची नासाडी कशाला" म्हणून कारखान्याला कुलूप लावलंत, आणि तेव्हापासून आमच्याकडे येणंही सोडलंत. (जिथे जाईन तिथे आपलंच फर्निचर समोर उभं असतं, ते बघवत नाही, असं तुम्ही म्हणाल्याचं मामींकडून कळलं.) तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुमच्या कुठल्याच कामाचा कागद नाही. सगळं डोक्यात, नाहीतर त्या मापाच्या काठ्यांवर. टेप असून तुम्ही तो वापरायचा नाहीत. प्रत्येक वस्तूची वेगळी काठी, तिच्यावर खुणा, मागे गिऱ्हाइकाचं नाव. सुट्टीत आम्ही भाचरं तुमच्या भुशाच्या ढिगावर लोळायचो, तेव्हा डॉक्टरांच्या पलंगाची काठी कोणीतरी स्टंप म्हणून रोवली आणि मोडली. तुम्ही निमूट त्यांच्याकडे जाऊन सगळी मापं पुन्हा घेऊन आलात, कोणी मोडली ते विचारलंही नाहीत. मी मोडली. चौतीस वर्षं झाली. एवीतेवी माफीच मागायची आहे, तर हीही उरकून घेतो.

तर ठरवलं, तुमची एकेक वस्तू कॉम्प्युटरवर हुबेहूब उभी करायची. त्यासाठी तीन महिन्यांचा क्लास लावला. वर्गात सगळ्यांत थोराड मी. शिकवणारे सर माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो, त्यामुळे कोणी कोणाला रागवायचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. पण शिकवतात छान. स्क्रीनवर फळी काढायची, जाडी द्यायची, की हवं ते लाकूड हजर, रेषांसकट. फक्त वास येत नाही. पहिल्याच दिवशी माझं बोट नकळत स्क्रीनवरून फिरलं, रंधा मारून झाल्यावर तुम्ही फिरवायचात तसं, कुठे खरखरीत राहिलंय का बघायला. सरांनी फडकं आणून दिलं.

सुरुवात आईच्या कपाटापासून केली. मापं घेतली, तर डावी बाजू उजवीपेक्षा चार मिलिमीटर उंच. पुन्हा मोजलं, मग पट्टी बदलली, मग चष्मा बदलला. चार ते चारच. सर म्हणाले, "असू दे हो काका, जुन्या लोकांचं थोडं इकडेतिकडे व्हायचंच." मला इतका राग आला की घरी येऊन मी फरशीवर गोटी ठेवली. ती डावीकडे गडगडत गेली. मामा, आईच्या लग्नाआधी तुम्ही आमच्या फरशीचा उतार मोजून गेला होतात. त्या कपाटाला टेकून मी दहावीचा अभ्यास केला आणि मला हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

त्यानंतर आतले सांधे बघितल्याशिवाय राहवेना. (हा अभ्यास नव्हता, मोह होता. डायरीत तसंच लिहिलंय.) सरसाचा थेंब नाही, नुसत्या लाकडी खुंट्या. हळूहळू ठोकत एकेक काढली, प्रत्येक सांधा दशांशापर्यंत मोजला. कॉम्प्युटरवरचं कपाट असं झालं की सरांनी वर्गाला दाखवलं. एका क्लिकवर सुटतं, एका क्लिकवर जुळतं. खरं कपाट जुळवायला बसलो, आणि दर वेळी मधली फळी हातात उरू लागली.

कारण असं की कॉम्प्युटरमध्ये लाकूड लाकडातून भुतासारखं आरपार जातं. तिथे मी ही फळी दोन्ही बाजू उभ्या असताना खुशाल मधून सरकवली होती. इथे ती बसवायची तर एक बाजू काढावी लागते, बाजू काढली की माथा सुटतो, माथा धरायला बायकोला बोलवावं लागतं, आणि ती माथा धरून म्हणते, "एकोणीस वर्षं तुम्ही डबे उघडताय आणि झाकणं मी लावतेय. कपाटाचं आधी विचारायचंत तरी." आईच्या साड्या जेवणाच्या टेबलावर आहेत, आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो. सरांना फोन केला, तर म्हणाले, "सगळं जागच्या जागी आहे ना काका? मग झालं. आधी काय, नंतर काय, हे सॉफ्टवेअर विचारत नाही."

तुम्ही विचारायचात. जोडणीच्या दिवशी सगळे भाग जमिनीवर मांडून, चहाचा कप हातात घेऊन तुम्ही त्यांच्यामधून फिरायचात आणि बोलायचात. "तू थांब. आधी तो जाऊ दे. तुला कसली घाई?" आम्ही तोंड दाबून हसायचो. मी तुमचं सगळं उतरवून घेतलं मामा, आणि तेवढंच राहिलं.

येण्याचा आग्रह करत नाही. तुमचं ठरलंय, ते मोडायचा मला अधिकार नाही. फक्त क्रम एका कागदावर लिहून पाठवावा. हात चालत नसेल तर मामींना सांगा, त्या लिहितील.

तुमचा (बारा दिवसांपूर्वीपर्यंत) आज्ञाधारक
भाचा

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. कागद नको. कागदावरून मला जमलं असतं तर हे पत्रच लागलं नसतं. तुम्ही या. थरथरत्या हाताचं इथे कामच नाही, हात माझे लावू. तुम्ही खुर्चीत बसून नुसतं "तू थांब" म्हणायचं. मला म्हणायचं की फळीला, ते तुम्ही ठरवा.

पुन्हा ता. क. बायको म्हणते, मामींनाही घेऊन या, गुडघ्याला त्रास होईल अशी एकही पायरी नाही.

आणखी एक ता. क., हे कोणाला न सांगता लिहितो आहे. आई ताईकडे गेलेली नाही. ती इथेच आहे, पहिल्या खुंटीपासून इथेच आहे. क्रम तिला पाठ आहे. तुम्ही कपाट जोडत होतात तेव्हा ती शेजारीच बसली होती म्हणे. रोज माझी खटपट बघते आणि म्हणते, "चुकतोयस." कुठे, ते सांगत नाही. काल फारच पाया पडलो, तेव्हा म्हणाली, "मी सांगितलं तर दादा कशाला येईल? भेटायला ये म्हटलं की त्याचा हात दुखतो. काम बिघडलंय म्हण, चप्पल न घालता येईल. आणि मी घरात नाही असं लिही, मग त्याला लाजायला नको." म्हणून तसं लिहिलं. खोटं लिहिल्याचं मनाला लागलं, म्हणून हेही लिहिलं. आता यायचं की नाही, तुम्ही बघा. ती सकाळपासून दारात खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसली आहे. पत्र अजून टाकायचंय, हे तिला सांगायचा मला धीर होत नाही.