कोरं आणि निरंक

७ फेब्रुवारी २०११, सोमवार

सॉफ्टवेअरच्या दोनशे बारा टेस्टपैकी दोनशे अकरा हिरव्या. एक लाल. लाल ती माझी!

ऑफिसात पाय ठेवला नाही तोच वरदनं विचारलं, "तुझी ती टेस्ट अजून लालच का गं?" जणू मीच नापास झाले. वरद आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. माझ्यापेक्षा वर्षानं लहान आहे, हे फक्त इथे लिहिता येतं.

कुणाला पटत नाही, म्हणून वहीलाच समजावते. एका ट्रस्टची क्षयरोग तपासणीची चौतीस केंद्रं आहेत. रोज संध्याकाळी सहाला प्रत्येक केंद्राकडून एक फाईल येते. ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले त्यांची नावं त्यात असतात. आमचं सॉफ्टवेअर ती नावं आरोग्यसेविकेच्या फोनवर पाठवतं आणि ती गोळ्या घेऊन त्यांच्या घरी जाते. आता फाईल रिकामी आली तर? सॉफ्टवेअर म्हणतं, आज पेशंट नाही, छान! हिरवा दिवा! अरे पण पेशंट नसेल, नाहीतर पाठवताना लाईट गेली असेल, नाहीतर कुणी तपासलंच नसेल! म्हणून मी टेस्ट लिहिली. मुद्दाम रिकामी फाईल द्यायची, सॉफ्टवेअरनं ओरडायला हवं. रोज आपोआप चालते. सॉफ्टवेअर ढिम्म. सकाळी लाल.

वरद म्हणतो, "रिकामी म्हणजे शून्य पेशंट. शून्य इज गुड न्यूज, यार! फेज टूमध्ये बघू."

९ फेब्रुवारी, बुधवार

लाल.

१० फेब्रुवारी, गुरुवार

ट्रस्टच्या श्यामलाबाईंबरोबर फोनवर मीटिंग. मी धीर करून विषय काढला. त्या म्हणाल्या, "अहो, रिकाम्या फायलीत बघण्यासारखं काय असतं? आपण आधी भरलेल्या बघा." सगळे हसले. मीही हसले थोडी. स्वतःचा इतका राग आला!

स्वारगेटला बस बदलताना डोक्यात तेच. घरी आल्यावर बाबांसमोर सगळं ओकले. बाबांनी अडतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "आमच्याकडे दर महिन्याला अहवाल जायचा. कळवण्यासारखं काही नसलं तर 'निरंक' लिहायचं, खाली सही. कोरा कागद गेला की साहेब परत पाठवायचे. कोरं म्हणजे 'नाही' नव्हे, सोनाली. कोरं म्हणजे 'माहीत नाही'."

मग म्हणाले, "एवढी तुमची कॉम्प्युटरं शिकलेली, त्यांना निरंक येत नाही?"

नाही येत, बाबा.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

आज डेमो झाला. काल वरदनं माझ्या खुर्चीशी येऊन हळूच सांगितलं, "ती एक तेवढी स्किप कर. पडद्यावर लाल दिसलं की क्लायंट बाकीचं काही बघत नाही."

केली. मीच केली, माझ्याच हातानं. एक ओळ लिहावी लागते फक्त. दोनशे अकरापैकी दोनशे अकरा हिरव्या! 'एक वगळली' हे रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत येतं. पडद्यावर तेवढं खाली कुणी गेलं नाही. टाळ्या पडल्या. पेस्ट्री आली. खाल्ली. रिपोर्टवर 'तपासणी : सोनाली' असं नाव आहे.

१४ मार्च, सोमवार

आज फोन आला. हडपसरच्या पुढच्या एका गावातलं केंद्र. हिंदुराव म्हणून तिथले तंत्रज्ञ, थुंकीचे नमुने तेच तपासतात.

"म्याडम, आमची नावं पोचत्यात न्हवं तुमच्याकडं?"

म्हटलं, पोचतात की. का?

"न्हाय, एक बाई आली हितं. हिरा म्हनून. बावीस फेब्रुवारीला मीच लिवलं व्हतं तिचं नाव. तीन आठवडं झालं, गोळ्या घिऊन कुनीच आलं न्हाय म्हनती. घरात दोन पोरी हायती, एकाच खोलीत झोपत्यात."

मी बावीसची फाईल उघडली. रिकामी. शून्य. त्या दिवशी पाठवताना लाईट गेली होती, हिंदुरावांना आठवलं. मूळ फाईलमध्ये चार नावं होती. आमच्या पडद्यावर बावीस तारखेला ते केंद्र हिरवंगार आहे!

चौघांच्या घरी आजच आरोग्यसेविका पाठवल्या. पण तीन आठवडे ती खोकत होती, पोरींना शेजारी घेऊन. आणि मला माहीत होतं. सात फेब्रुवारीपासून माहीत होतं.

१६ मार्च, बुधवार

मीटिंग. मला वाटलं, मला फाडून खातील. वरद म्हणाला, "स्किप करायला मी सांगितलं होतं." इतकं सरळ बोलेल असं वाटलं नव्हतं. मग मी म्हटलं, निरंक.

श्यामलाबाई म्हणाल्या, "काय?"

बाबांचं सगळं सांगितलं. रिकामी फाईल घ्यायचीच नाही, ती आली किंवा फाईल आलीच नाही की केंद्र लाल. पेशंट नसेल तर केंद्रानं फाईलमध्ये 'निरंक' लिहायचं. श्यामलाबाई म्हणाल्या, "अहो, मग हे आधी का नाही सुचलं आपल्याला?"



२१ मार्च, सोमवार

नवा नियम सुरू. माझी टेस्ट परत चालू केली. सॉफ्टवेअर ओरडलं! दोनशे बारा हिरव्या, खऱ्या हिरव्या.

केंद्रं मात्र एकोणीस लाल. श्यामलाबाई प्रत्येकाला फोन करून झाडतायत. मला म्हणाल्या, "आपल्या वडिलांच्या एका शब्दापायी माझा घसा बसलाय."

२४ मार्च, गुरुवार

अकरा लाल. हिरा गोळ्या नीट घेतेय म्हणे. हिंदुरावांनी आपणहून कळवलं. तिच्या पोरींनाही तपासायला बोलावणार आहेत.

१ एप्रिल, शुक्रवार

चौतीसच्या चौतीस हिरवी! आठवडाभर एकही रिकामी फाईल नाही. वरदनं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. घरी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अडतीस वर्षं तो शब्द लिहिला, कुणी वळून बघितलं नाही." पण रात्री जेवताना दोनदा विचारलं, "सगळ्या केंद्रांत निरंकच लिहितात ना?"

किती दिवसांनी बरं वाटतंय.

१५ एप्रिल, शुक्रवार

काल चौदा एप्रिल. पांढरा शर्ट घालून बाबा सकाळीच तयार. वंदना झाली, पुतळ्यापाशी जाऊन आलो, उन्हात दोन तास रांगेत. छान गेला दिवस.

आज बसमध्ये एकदम आठवलं. सुट्टीचा दिवस सॉफ्टवेअरला सांगायचा राहिला! काल सगळी केंद्रं बंद होती, श्यामलाबाईंचं तसं पत्रकच आहे. म्हणजे फायली आल्या नसणार, चौतीस लाल झाली असणार. बोलणी खायच्या तयारीनं ऑफिसात शिरले.

चौतीस हिरवी.

फायली उघडल्या. एकेक करून सगळ्या. निरंक. निरंक. निरंक. प्रत्येक फाईल बरोबर पंधरा बाइटची, त्या एका शब्दाएवढीच. प्रत्येकीची वेळ सहाला ठोका. कुलूप लावलेल्या केंद्रांनी कळवलंय, आज पेशंट नाही!

वरदला दाखवलं. "मग? बंद होती, म्हणजे पेशंट नव्हते. निरंक बरोबरच आहे ना?"

अरे, पण बंद केंद्रातून ते लिहिलं कुणी? हिंदुरावांना चारदा फोन लावला. उचलला नाही.

१६ एप्रिल, शनिवार

हिंदुरावांनी उचलला. "एका कॉम्प्युटरवाल्यानं समद्या केंद्रांवर सोय करून दिली, म्याडम. नावं न्हाय टाकली तर सहाला निरंक आपसूक जातं. लाल झालं की बाईंचा फोन येतो ना." त्यांच्या मायक्रोस्कोपचा दिवा अठ्ठावीस मार्चपासून गेलाय, नवीन मागवलाय, आला नाही. तेव्हापासूनचे नमुने डब्यांत तसेच पडून आहेत. त्यात एक हिराच्या थोरल्या मुलीचा, एकोणतीस तारखेचा. ती आता खोकते.