तीस लिटरचा कॅप्टन

२ एप्रिल, सकाळी
निर्णय पक्का. गाडीला पेट्रोलची मोठी टाकी बसवायची. तीस लिटरची.

जूनमध्ये आमचा ‘सातपुडा रायडर्स’ ग्रुप लडाखला जाणार. सगळ्यांच्या पुढे कोण चालणार, म्हणजे कॅप्टन कोण, हे ११ मेच्या धारणी टेस्ट राइडनंतर ठरणार. खरं तर ठरवायचं काय आहे त्यात? पण लोकांना मतदानाची भारी हौस.

समोर उमेदवार कोण, तर अमरावतीचा किशोर. पीटीचा मास्तर. गळ्यात शिट्टी घालून राइडला येतो. गेल्या वर्षी चिखलदऱ्याला जाताना यानं दोनदा पंपावर अख्खा ग्रुप थांबवला. चिखलदऱ्याला! एवढ्याशा अंतरात दोनदा तहान लागते याच्या गाडीला.
संकल्प: यंदा आपण पंपाकडे बघायचंही नाही.

६ एप्रिल
टाकी ऑनलाइन मागवली. खालचं वर्णन वाचलं नाही. ज्यांना गाडीतलं कळत नाही ते वर्णनं वाचत बसतात.

हर्षाला सांगितलं. लग्नाला बारा वर्षं झाली, बाईला अजून टूरिंग समजत नाही. म्हणे, अकोट ते अकोला किती पंप लागतात, पायलं का कधी? लडाखला जायचंय म्हटलं. तर म्हणे, तुमाले अकोल्याहून आलं की कंबरेले बाम चोळून द्या लागते, लडाखले कोण चोळणार, किशोरभाऊ?
लेव्हल बघून बोलावं.

१९ एप्रिल
टाकी आली! भव्य. कुरिअरवाला विचारतो, फवारणीचा ड्रम हाये का भाऊ. अडाणी.

बाबांनी चष्मा लावून बघितली. शेतातली वांगी आणि झेंडूच्या हारांचा धंदा सोडून जगात काही आहे हे आमच्या किसनरावांना मुळात मान्यच नाही. म्हणाले, गाडीले टाकी लावून राह्यला का टाकीले गाडी?
किरकोळ बाब: टाकी दुसऱ्या मॉडेलची निघाली. भोकं जुळत नाहीत. अशी गोष्ट कंपनीनं मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. (हर्षा म्हणते, मोठ्याच अक्षरात होती.)

२४ एप्रिल, अकोला
देवानंदला गाठलं. तसा तो खिडक्यांच्या ग्रिल करतो, पण त्याच्यातली कला फक्त मी ओळखली. भोकं जुळत नाहीत म्हटलं, तर म्हणे, बसून जाते नं भाऊ. सीट आडवी येते म्हटलं, बसून जाते नं. अशी पॉझिटिव्ह माणसं ग्रुपमध्ये एक नाही. म्हटलं, जुनी टाकी भंगारात देऊन टाक. मला परत त्या लोट्यावर जायचंच नाही.

३० एप्रिल, आखाजी
अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर टाकी बसली. देखणी! सीट वर सरकवल्यानं पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत, पण मी टेकायला थोडीच गाडी घेतली आहे?

आई म्हणाली, आजच्या दिवशी पितरांची घागर भरतो तशी काठोकाठ भर बाप्पा. आजचं भरलेलं सरत नाही. अर्धवट ठेवशीन तर पितर नाराज होतीन. आईशी माझं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ. आखाजीचं पेट्रोल, म्हणजे लडाखपर्यंत प्रश्नच मिटला.

पंपावर गेलो. (भरायला गेलं तर ते थांबणं धरत नाही.) पंपवाला म्हणे, वरतून थोडी जागा ठेवा, उन्हात पेट्रोल फुगते. म्हटलं, आज कोणता दिवस आहे माहीत आहे का? भर गुपचूप.

अंगणात पूजा. ऊन असं की चप्पल चिकटावी. हार घातला, कुंकू लावलं, तर पेट्रोल झाकणातून वर येऊन हारावरून खाली गळायला लागलं. आई पेटतं निरांजन घेऊन ओवाळायला पुढे. हर्षा किंचाळली, निरांजनावर फुंकर मारली, सगळ्यांना घरात ढकललं. सणाच्या दिवशी दिवा विझवला! शेजारीपाजारी काय म्हणतील याचा विचारच नाही या बाईला.

२ मे
हँडल डावीकडे मस्त वळतं. उजवीकडे थोडं वळतं, मग टाकीला अडतं.

देवानंदला फोन. म्हणे, हातोडीनं एक पोचा पाडू, वळून जाते नं भाऊ. पोचा? माझ्या टाकीला? लाज वाटली पाहिजे. कलेची ओळख मागे घेतो.

५ मे
शांतपणे विचार केला. उजवीकडे वळायची गरजच काय? तीनदा डावीकडे वळलं की माणूस उजवीकडेच जातो. साधं गणित आहे, पीटीच्या मास्तरला कळायचं नाही.

सराव सुरू. घरून भाजीबाजारात जायला अख्खं अकोट फिरून झालं. चौकातली कौशल्या विचारते, काहून वो चंदनभाऊ, काही हरपलं का? सकाळपासून चवथ्यांदा दिसून राह्यले.
दुर्लक्ष केलं. मोठ्या लोकांना प्रेक्षक असतातच.

८ मे
अकोल्याला बाबांचे जुने दोस्त नत्थुजी यांच्या पोरीचा साखरपुडा. हारांची ऑर्डर आपली. बाबा म्हणाले, एसटीत ठेवून दे, कंडक्टर ओळखीचा हाये. मी म्हटलं, मीच नेतो.

अकोल्याचा रस्ता चौकात उजवीकडे. डावीकडून फिरून येऊ म्हटलं, तर डावीकडचा रस्ता पुलाच्या कामासाठी बंद. मग पुढे, मग अजून पुढे. थेट तेल्हारा, भलत्याच दिशेचं गाव. तेल्हाऱ्यात उतरून गाडी हातानं फिरवायचा प्रयत्न केला. भरल्या टाकीसकट ती हलेना. चार जणांनी मिळून फिरवली.

हार पोहोचले तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या, फोटो झाले होते, लोक जेवत होते. नत्थुजी सगळ्यांसमोर म्हणाले, किसनरावले सांगजो, दुसऱ्या खेपेले एसटीनंच पाठव. बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तर मी पुलाचं सांगणार होतो.

११ मे, सकाळी
आज टेस्ट राइड. बारा गाड्या अकोटला जमल्या. किशोरनं मोजून शिट्टी वाजवली. टाकी बघून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जळतात.
घाटात वळणं आहेत म्हणे. वळणं डावीकडचीही असतात.

११ मे, संध्याकाळी
पहिलं वळण उजवं होतं.

मी सरळ गेलो. समोर घाणेरीची दाट झुडपं होती, त्यात बसलो. लागलं कुठंच नाही. किशोरनं शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, चंदनभाऊ, ब्रेक फेल झाला का? मी म्हटलं, नाही, फोटोसाठी स्पॉट बघत होतो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
ते धारणीला गेले. बाबा वांग्याची पिकअप घेऊन आले. गाडी मागे, मी क्रेटवर. अकोटपर्यंत बाबा एकच वाक्य बोलले: हातोडी घरी व्हती नं बे.

१४ मे
किशोर कॅप्टन. बारापैकी अकरा मतं. मी स्वतःलाच दिलं, तत्त्व म्हणून. ग्रुपवर लिहून आलं की चंदनभाऊंनी यंदा आराम करावा, पुढच्या वर्षी बघू.
चेष्टा वाटली. फोन केला. चेष्टा नव्हती. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. हर्षानं न विचारता चहा आणून ठेवला, तेही सहन झालं नाही.

२८ मे
किशोरचा फोन! मला वाटलंच होतं. माझ्याशिवाय जमणार नाही त्यांना.

म्हणे, वरती पंप लय दूर दूर हायेत. बॅकअप जीपमंदी जास्तीचं पेट्रोल न्या लागते. तुमची टाकी देता का भाऊ, उभी बांधून नेऊ. मी विचारलं, आणि मी? म्हणे, जीपमंदी जागा नाही नं.
हो म्हटलं. ग्रुपचं भलं बघणारा माणूस आहे मी.

१ जून
टाकी काढली. गाडी अंगणात बिनटाकीची उभी आहे, बघवत नाही.

उद्या सकाळी जीप अकोट स्टँडवरून टाकी घेणार. आईनं टाकीला हळदकुंकू लावलं, नवा हार घातला. म्हणे, घरचं कोणीतरी लडाख पाहून येईन बाप्पा. हर्षा दशम्या बांधून देते आहे, किशोरच्या ग्रुपसाठी. बाबांनी पांढरा सदरा काढून ठेवला.

टाकीला निरोप द्यायला घरचे सगळे स्टँडवर जाणार आहेत. मला हारांच्या ऑर्डरीसाठी घरी थांबायला सांगितलंय.