डोक्यावर हात ठेवून

आबा, आज माळा साफ करताना तुमच्या छातीचा फोटो सापडला. पिवळं पाकीट कडांनी फाटलंय, पण आतली फिल्म तशीच आहे. ‘एक्स-रे म्हणा हो’ असं किती वेळा सांगितलं, तुम्ही शेवटपर्यंत फोटोच म्हणालात. मी ती खिडकीशी धरून पाहिली. तुमच्या फासळ्या आणि डावीकडे वरच्या बाजूला तो डाग, वाटाण्याएवढा. एवढ्याशा डागाने आपल्या घराचं काय करून ठेवलं! मला त्याचा अजून राग येतो. तुमचाही येतो, खोटं कशाला बोलू? आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा.

वालीवला तुमच्या कारखान्यात ती तपासणीची गाडी आली, तेव्हा मला बँकेत लागून तीन वर्षं झाली होती. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारून मारून तुमच्या रुमालावर काळा कफ यायचा, वर बिड्या होत्याच. ‘फुकट होता, म्हणून मीपण काढून घेतला फोटो,’ असं हसत सांगितलंत. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत एक गुलाबी चिठ्ठी, सगळी इंग्रजीत. मी ती घेऊन आपल्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, “कॅन्सर असेल, नसेलही. मुंबईला मोठी तपासणी करून घ्या.” माझ्या कानात ‘असेल’ तेवढंच शिरलं. नंदाखालला घरापर्यंत कशी आले, मला आठवत नाही.

तुम्ही पडवीत खुर्चीवर बसला आहात. नुकतीच आंघोळ झालीय, डोक्याला खोबरेल चोपडलंय. आत आई बोंबील भाजतेय. “काय लिहिलंय गं?” तुम्ही विचारता. मी म्हणते, “काही नाही हो, जुन्या सर्दीचा डाग आहे. मुंबईला एकदा दाखवून घेऊ.” तुम्ही माझ्याकडे बघत राहता आणि म्हणता, “माझ्या डोक्यावर हात ठेव नि सांग.” आपल्याकडे ही शपथ उगाच कुणी घेत नाही. खोटी घेतली, तर ज्याच्या डोक्यावर हात त्याच्याच जिवावर बेतते, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. चौथीत असताना शाळा बुडवून मी आईची खोटी शपथ घेतली, तेव्हा तुम्ही आयुष्यात एकदाच मला मारलंत. तरी त्या संध्याकाळी मी हात ठेवला. “तुमची शपथ आबा, काही नाही.” तुम्ही हसलात. सुटले बाई एकदाची, असं मला वाटलं.

सुटते कसली! चौथ्या दिवशी कारखान्यात मुकादमाने सगळ्यांसमोर सांगितलं, की गुलाबी चिठ्ठी आलेल्यांना कॅन्सर असल्याचा संशय आहे. तुम्ही भर दुपारी घरी आलात ते परत वालीवला गेलाच नाहीत. मला एका शब्दाने विचारलं नाहीत. वाडीत केळीचे मुनवे लावायला काढून ठेवले होते, ते तिथेच सुकले. आई म्हणाली, “अहो, लावत का नाही?” केळ लावली की केळ्यांचा लोंगर उतरवायला वर्ष जातं. तुम्ही म्हणालात, “उतरवायला कोण असणारे?”

मुंबईच्या तपासण्यांचा निकाल यायला महिना गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून नीट समजावलं. कॅन्सर नाही. कधीतरी लहानपणी क्षय होऊन आपोआप बरा झाला असणार, त्याचा हा वण. मी दोनदोनदा विचारलं. येताना विरार स्टेशनबाहेर पेढे घेतले आणि फाटकापासूनच ओरडत आले. आई तर रडायलाच लागली. तुम्ही पेढा हातात धरून म्हणालात, “हो का? बरं झालं.” मी म्हटलं, “आबा, खरंच हो! तुमच्या डोक्यावर हात ठेवून सांगते.” मी हात पुढे केला आणि तुम्ही डोकं मागे घेतलंत. “नको,” म्हणालात, “एकदा ठेवलास ना.”

त्यानंतर सहा वर्षं जगलात, आबा. जगलात कसले, निघायच्या तयारीत बसून राहिलात. रोज सकाळी पडवीत उभं राहून ती फिल्म उन्हाकडे धरायची आणि डाग वाढला का बघायचं. अहो, फोटोतला डाग कसा वाढेल? मी चिडून ओरडायचे, तुम्ही मुकाट्याने ती पाकिटात घालायचात. पुढे मी दर वर्षी नवीन फोटो काढायला लावला, डॉक्टरांना तुमच्या तोंडावर सांगायला लावलं. तुम्ही मान डोलवायचात आणि बाहेर आल्यावर आईला म्हणायचात, “पोरीने पढवून ठेवलंय त्यांना.” दिवाळीला शर्ट घेतला तर “कशाला वाया घालवतेस?” लग्नानंतर नालासोपाऱ्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, राहायला या म्हटलं, तर “नको, मला खाली उतरवताना जिना अडचणीचा.” आई वैतागून म्हणायची, “अहो, जिवंत आहात तुम्ही!”

शेवटी हृदय बंद पडलं. वाडीत, विहिरीजवळ, सकाळी दहाच्या सुमाराला. छातीत काही नव्हतं, आबा, शेवटपर्यंत नव्हतं. पण तुम्हाला खाली ठेवलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? शेवटी माझी शपथच लागली.

हे पत्र त्याच पाकिटात ठेवणार आहे, दुसरीकडे पाठवू तरी कुठे? तुमच्यासाठी खोटं बोलले, असं मी सगळ्यांना सांगत आले. तसं नव्हतं. तुमचा घाबरलेला चेहरा मला बघवला नसता, म्हणून बोलले. आणि अजून एक, जे आईलाही कधी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी तुमच्या डोक्यावरून हात काढला, तेव्हा तळव्याला खोबरेल लागलं होतं. मी सरळ मोरीवर गेले आणि साबण लावून दोनदा हात धुतला. शपथ धुऊन जाईल असं वाटलं मला, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला. तुमच्या खुर्चीवरून मोरी दिसायची, आबा. मी हात धुताना तुम्ही बघत होतात का?