डावा पंख, उजवा पंख

३ जून
आले एकदाची. प्रयोगशाळा हवेशीर, राहायची खोली तिच्याच मागच्या अंगाला. सहाव्या महिन्यात नोकरी धरली म्हणून आईने तोंड भरून ऐकवलं, पण काम बसून आहे. इथे दोन जातींच्या पतंगांचा संकर करतात. संकराच्या पतंगांची घडण डगमगते, डावा पंख एक आणि उजवा भलताच निघतो. तो फरक मी मोजायचा. कॅलिपर नीट आहे ना हे बघायला रोज सकाळी प्रत्येकाने आपल्या दोन्ही करंगळ्या मोजायच्या, अशी इथली रीत. आमच्या प्रमुख बाई मात्र हातमोजे काढतच नाहीत. बाळ दोन्हीकडून लाथा मारतंय. बापावर गेलंय, स्वस्थ म्हणून बसायचं नाही.

१२ जून
पंखांची भुकटी सगळीकडे. चहावरही तरंगते, फुंकर मारून पिते. नव्या पिढीचे पंख जुळायला लागलेत, बाई खूश आहेत. संकरात वाकडेपणा वाढायला हवा, तो गेला कुठे, असं मी विचारलं. कुठेतरी जातोच, म्हणाल्या. शिपाईमामा एका बुटात कापडाची जाड घडी घालून चालतात, हे आज लक्षात आलं.

१९ जून
माझी डावी करंगळी आखूड भरली. कॅलिपर बदलला. दुसराही तेच दाखवतो. तिसरा मागवलाय. बिघाड कॅलिपरचाच असणार.

२४ जून
डाव्या हातातली अंगठी आपोआप गळून पडली. बाईंनी न विचारता हातमोजा काढून दाखवला. मोज्याच्या निम्म्या बोटांत कापूस भरलेला. मला फार भीती वाटतेय. नवऱ्याला फोन करून न्यायला ये म्हटलं. तो म्हणाला, आधी डॉक्टरांना दाखवू, मग निघू.

२७ जून
सोनोग्राफी. डॉक्टरीणबाईंनी गप्पा मारता मारता पडदा स्वतःकडे वळवला. पुन्हा मोजलं. म्हणाल्या, मशीन बिघडलंय बहुतेक. दुसरं आणवलं—

२८ जून
आज सगळ्या पतंगांचे पंख तंतोतंत सारखे. बाईंनी मला जवळ घेतलं. एकाच हाताने.
नवरा गाडीत सामान भरतोय. इथून गेलो की सगळं ठीक होईल म्हणे. शिपाईमामा दोनदा ही नोकरी सोडून गेले होते. दोन्ही वेळा घडी आणखी जाड करावी लागली.
डावीकडून लाथ. पुन्हा डावीकडून.
उजवीकडे हात दाबून बसलेय. बाळा, एकदाच— इकडून एकदा तरी—