बिनसर्व्हरची लाँड्री

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. डोक्यात इतकं येतं, फुकट जातं.
सून कॉम्प्युटरवाली. जेवताना सांगत होती, ऑफिसने स्वतःचे सर्व्हर काढून टाकले. आता कामाला लागेल ते सगळं एका कंटेनरमध्ये भरून क्लाउडवाल्याच्या, म्हणजे भाड्याने कॉम्प्युटर देणाऱ्याच्या, हवाली करायचं. गिऱ्हाईक आलं की कंटेनर उघडतो, गर्दी झाली की तसलेच आणखी उघडतात, गिऱ्हाईक गेलं की बंद. बंद असताना पैसे नाहीत. मग तोटे सांगायला लागली. मी उठले. फायदे कळले, बास.

४ मार्च
लाँड्री आता क्लाउडसारखी चालवणार. इस्त्रीवालीला म्हटलं, रोज येऊ नकोस, काम आलं की फोन करीन. कपडे नसले की बया स्टुलावर बसून पगार खाते. ताई, इतकी वर्षं झाली, म्हणाली. म्हटलं, क्लाउडमध्ये वर्षं मोजत नाहीत. पिशवी उचलून निघाली. पटलं असणार.

५ मार्च
ट्रंकेत इस्त्री, स्टार्च, पाण्याचा फवारा भरला. हा माझा कंटेनर. कुणीही यावं, उघडावं, कामाला लागावं. ह्यांनी विचारलं, ट्रंक उचलणार कोण? ह्यांना दूरचं दिसतच नाही.

९ मार्च
लॉजच्या चादरी आल्या. आमचं घर ह्याच चादरींवर चालतं. इस्त्रीवालीला फोन केला. घरचं आवरून दुपारी उगवली. तोवर लॉजचा मॅनेजर दोनदा डोकावून गेला. सून म्हणे, आई, हाच पहिला तोटा. बंद कंटेनर उठायला वेळ घेतो. घाई असेल तर एक कायम जागा ठेवावा लागतो, त्याचे पैसे पडतात. म्हटलं, म्हणजे इस्त्रीवालीच की! हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

१४ मार्च
इस्त्रीवाली फोन उचलत नाही. माजलीय. दुसरी बोलावली, ट्रंक उघडून दिली. डॉक्टरीणबाईंच्या रेशमी शर्टावर तिने तापलेली इस्त्री टेकवली. शर्ट गेला, डॉक्टरीणबाईही गेल्या. कुणाचं काय जपायचं ते इस्त्रीवालीच्या डोक्यात होतं, ट्रंकेत नव्हतं. सून म्हणे, कंटेनर दर वेळी कोराच उठतो, आठवण बाहेर वेगळी ठेवायची असते. हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणे, सांगतच होते, तुम्ही उठलात.

१८ मार्च
लॉज गच्च. चादरींचा डोंगर. गर्दीला आणखी उघडतात म्हणे! सगळीकडे फोन केले, एकही उघडला नाही. शेवटी मी आणि हे. ह्यांनी उशांचे अभ्रे उलटेच इस्त्री केले. तरी निभावलं. मॅनेजर खूश होणार.

२१ मार्च
मॅनेजर स्वतः आला. चहा टाकला. म्हणाला, मावशी, आता रोजचं काम नाही, लागलं तर फोन करू. त्यांनी इस्त्रीला एक बाई कायमची ठेवलीय. फार हुशार, म्हणाला, कुठली चादर कशी घडी घालायची सगळं पाठ. स्टूलही दिलंय तिला बसायला.
कोण ते विचारलं नाही. चहा मीच प्यायले.

२२ मार्च
ट्रंक भरून तयार. फोन चार्जिंगला. मी स्टुलावर.
अजून फोन नाही. पण पगारही कुणाला द्यायचा नाही. हाच तर मोठा फायदा.