बसायला घर आहे

बाबा, आम्ही पंधरा दिवस युरोपला जाऊन आलो आणि तिथे मी मनसोक्त बसले. हो, बसले. तुमची तीच लेक, जिला तुम्ही एका दिवसात वेरूळची सगळी लेणी पायी दाखवलीत. मी दहा वर्षांची, पाय दुखून रडकुंडीला आलेली, एका पायरीवर जरा टेकले तर तुम्ही म्हणालात, "बसायला घर आहे. इथं बघायला आलोय." आई दशम्यासुद्धा चालता चालता हातावर द्यायची. तेव्हापासून प्रवास म्हटला की मीही तुमच्यासारखीच, यादी करून, घड्याळ बघत घरच्यांना हाकत नेणारी.

लिस्बनलाही यादी होतीच. सकाळी मोठं चर्च, मग किल्ला, मग म्युझियम. चढ चढून दमलो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून जळक्या साखरेचा वास आला. तुमची नात म्हणाली, "आई, प्लीज, जस्ट पाच मिनिटं." घेतलं खायला आणि बसलो समोरच्या बाकावर. खाली लाल कौलांची घरं, पलीकडे नदी, कुणाच्या तरी गॅलरीत चादरी वाळत घातलेल्या, आणि हातात कस्टर्ड भरलेली गरम, खुसखुशीत वाटी. त्यात अंडं असतं, पण ते जाऊ दे. बाकावरच्या एका आजींनी तुमच्या नातीला न विचारताच संत्र्याची फोड दिली. तुमचे जावई तर चक्क घोरायला लागले. पिवळी ट्राम खडखडत वळणावर येते, आम्ही दोघी हात करतो, ड्रायव्हर घंटा वाजवतो, की आम्ही पुढच्या ट्रामची वाट बघायला मोकळ्या! पाच मिनिटांचे दोन तास झाले. चर्च राहिलं, किल्ला राहिला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. इतक्या वर्षांत एवढी खूश मी कुठल्याच ट्रिपला नव्हते.

वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तुम्ही इथे अमेरिकेत, पार्सिपनीला आमच्याकडे आला होतात, त्या उन्हाळ्यात मी तुम्हाला नायगारा दाखवायला नेलं. धबधब्यासमोर एक बाक रिकामा होता. गुडघा चोळत तुम्ही म्हणालात, "जरा टेकतो गं." बोटीची वेळ होत आली होती. मी म्हटलं, "बाबा, बसायला घर आहे." तुम्ही खो खो हसलात, माझीच विद्या मला शिकवतेस म्हणालात, आणि लंगडत रांगेत येऊन उभे राहिलात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. हा किस्सा मी आजवर सगळ्यांना हसत हसत सांगत आले.

काल शेजारच्या काकूंनी विचारलं, लिस्बनचं ते चर्च कसं आहे गं? अप्रतिम, मी ठोकून दिलं. तुमच्याशी मात्र खोटं बोलवत नाही. घराच्या पायरीवर बसून हे लिहितेय, पाठवायचं कुठे, यादीच्या वहीतच राहील. बोटीची पुढची फेरी पंधरा मिनिटांनी होती, बाबा. मला माहीत होतं.